लाखाच्या आतला दाखला

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मोफत प्रवेशाचे फॉर्म सुटले की आमच्या सेवा केंद्रात दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं. "ताई, तेवढं लाखाच्या आत बसवा की." म्हणणारा कधी यंत्रमागावरचा कामगार असतो, कधी वडापावचा गाडा लावणारा, कधी दोन मजली घर बांधलेला कापड दलाल. आवाज तिघांचाही जरा खालच्या पट्टीत.

बसवणं माझ्या हातात नसतं, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण ऐकल्यासारखं करतो. अर्जदार स्वयंघोषणापत्र लिहितो, तलाठी उत्पन्नाचा अहवाल देतो, तहसील कार्यालयातून दाखला निघतो. (तलाठ्यांना आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असं सरकारने ठरवलंय. इचलकरंजीत अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही.) माझं काम कागद स्कॅन करून चढवणं, फी घेणं, पावती देणं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे आकडे टाइप केले की माणसाला काही गोष्टी दिसायला लागतात. सरकारचा पैसा गरिबाला द्यायचा की सगळ्यांना, यावर टीव्हीवर चर्चा चालते तेव्हा मला ते आकडेच आठवतात.

आधी लाख म्हणजे किती ते बघू. आरटीई म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा. त्याच्या कलम 12 प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या फीची भरपाई सरकारने करायची. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी ही मुलं वंचित घटकात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांना दुर्बल घटकातून अर्ज करायचा, आणि तिथे पालकाचं वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत पाहिजे. लाखाला बाराने भागा. महिना 8,333 रुपये. दिवसाला 274. इचलकरंजीत बारा तासांच्या पाळीत माग चालवणाऱ्या माणसाला एवढ्यावर कुणी कामाला बोलावत नाही आणि तोही येत नाही. म्हणजे अट जशी लिहिली आहे तशी पाळली, तर पोटापुरतं कमावणारा जवळजवळ प्रत्येक कामगार बाद.

पण तो बाद होत नाही, कारण त्याची मजुरी कागदावर नसते. पिकावर (मागावर कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी, आठवड्याला रोख, दिवाणजीच्या वहीत टिपण. बायको घरी किंवा कारखान्यात कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरते, त्याची तर तेवढीही नोंद नाही. त्यामुळे दाखल्यावर 84 हजार येतात, 90 हजार येतात, 96 हजार येतात. मला त्याचं काही वाटत नाही. अटच अशी आहे की खरं लिहिलं तर पोराचं नुकसान.

मग बाद कोण होतं? सांगते. एका सूतगिरणीत वॉचमन असलेले एक गृहस्थ आले होते. पन्नाशीला टेकलेले, उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. जातीने खुल्या गटात. माणूस इतका व्यवस्थित की प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले: आधार, रेशनकार्ड, लाइट बिल, मुलाचा जन्मदाखला आणि बारा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर साडेअकरा हजार, त्यातून पीएफ कापलेला. वर्षाचे झाले 1 लाख 38 हजार. मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी फोल्डर माझ्यासमोरून ओढून घेतलं, चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, "पीएफ वजा करून बघा की ताई." बघितलं. तरी लाखाच्या वरच. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्याच रांगेतल्या मोबाइल दुकानदाराचा दाखला डिजिटल सहीने येऊन पडला. 92 हजार. त्याच्या दुकानातल्या एसीचं लाइट बिलच वॉचमनच्या पगाराला मागे टाकत असेल.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल माझं जे काही मत आहे ते यातच आलं. ही मर्यादा श्रीमंताला अडवत नाही, पगाराची चिठ्ठी असलेल्याला अडवते. ज्याचा मालक कायदा पाळतो, पीएफ भरतो, पगार बँकेत टाकतो, त्याचं पोरगं आरटीईच्या जागांसाठीच्या सोडतीच्या बाहेर.

आमच्याकडे आणखी एक अडकलेला गट आहे. माग चालवायला कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली बरीच कुटुंबं. त्यांच्यातले काहीजण गावाकडे मागास जातीतले, दाखलाही तिकडचा आहे. पण आरटीईला परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही. इथला काढायचा तर ओबीसीला 1967 च्या आधीचा इथला पुरावा लागतो, आणि तेव्हा यांचे आजोबा तिकडे शेतमजुरी करत होते. मग वंचित घटकातला माणूस दुर्बल घटकाच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, लाखाच्या आत बसवा.

हीच माणसं दुसऱ्या खिडकीवर गेली की गरिबीचा भाव बदलतो. रेशनच्या प्राधान्य यादीसाठी शहरात 59 हजार, गावात 44 हजार. पहिलीच्या प्रवेशाला 1 लाख. धर्मादाय रुग्णालयात मोफत खाट हवी तर 1 लाख 80 हजार. लाडकी बहीण आली तेव्हा अडीच लाख. धर्मादाय रुग्णालयात बिलात सवलत हवी तर 3 लाख 60 हजार. आणि 2024 पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ, त्याला 8 लाख. म्हणजे घरातली थोरली इंजिनिअरिंगला असेल तर 7 लाख 90 हजार कमावणारं ते घर तिच्यासाठी गरजू आहे. धाकटा पहिलीत जायचा असेल तर 1 लाख 5 हजार कमावणारं घर सधन. शिक्षणात पैशाची खरी गरज कुठल्या टोकाला असते हे ठरवणाऱ्याने कधी सहा वर्षांच्या पोराला मॅपवर शाळा शोधून दिलेली नसावी.

मॅपचा विषय निघालाच आहे तर ते सांगते. आरटीईच्या फॉर्ममध्ये घराच्या जागेवर एक लाल बलून लावायचा असतो. बलून हलला की शाळांची यादी हलते, कारण एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना आधी प्राधान्य. जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. आमच्याकडे गल्ल्या अशा की मॅप कारखान्याच्या पत्र्यावर बलून टाकतो आणि घर त्याच्यामागे. पालक खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला नाक लावतात. "त्या पिंपळापाशी घ्या. आता खाली. खाली खाली. हं, हीच आमची मोरी." जागा बदलायलाही ठरावीक वेळाच परवानगी, त्यामुळे माझा हातही जपून चालतो. पुढे पडताळणी समितीला पत्ता जुळला नाही तर सोडतीत लागलेला नंबर गेला.

2024 च्या एप्रिलमध्ये मी हा बलून कितीही नीट लावला तरी यादीत इंग्रजी शाळाच येईनात. पालकांना वाटलं माझं नेट बंद आहे. खरं कारण 9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेत होतं. राज्य सरकारने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही असं घर शोधून काढावं लागेल. म्हणजे कायदा जागेवर, आणि खासगी शाळा यादीतून गायब. पालक म्हणाले, पालिकेच्या शाळेत घालायला फॉर्म कशाला भरायचा, तिथे तर हात धरून नेलं तरी घेतात. बरोबरच होतं. बरेचजण फॉर्म न भरताच उठून गेले.

मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी त्या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो रद्दच केला. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हात घातला नाही. फॉर्म पुन्हा भरून घेतले, सोडतीचा निकाल न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत अडकला, आणि शाळा जूनमध्ये सुरू होऊन पोरं पाढे म्हणायला लागल्यावर आरटीईची पोरं वर्गात आली.

सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. शेजारी आपली शाळा रिकामी पडत असताना खासगी शाळेला पैसे का मोजायचे, हा प्रश्न कुठल्याही घरखर्च चालवणाऱ्या बाईला पटेल. आमच्यापासून थोड्या अंतरावर सीमा ओलांडली की कर्नाटक; त्यांनी हेच पाच वर्षं आधी केलं होतं आणि तिकडच्या न्यायालयाने ते मान्यही केलं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या अधिसूचनेत खासगी शाळांची सुटका होती, पण वाचलेला पैसा पालिकेच्या शाळेत जाईल असं एक वाक्य नव्हतं. आणि तसाही तो पैसा देताना सरकारचा हात आखडतच असतो. एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये किंवा शाळेची खरी फी, यातलं जे कमी ते. कोविडच्या काळात ते 8 हजारांवर आणलं. त्यातही वर्षानुवर्षं थकबाकी. शाळा मग तो राग पालकांवर काढतात: पुस्तकांचे पैसे, गणवेशाचे पैसे, स्नेहसंमेलनाचे पैसे. एका शाळेत आरटीईच्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुपच वेगळा आहे. कशाला, तर म्हणे सूचना वेगळ्या असतात.

आता दवाखान्याकडे वळते, कारण तोच वॉचमन दुसऱ्यांदा आमच्याकडे आला तो बायकोच्या ऑपरेशनसाठी. आणि या वेळी तोच 1 लाख 38 हजारांचा आकडा त्याच्या कामाला आला.

आपल्या राज्यात जी मोठी रुग्णालयं ट्रस्टची आहेत, त्यांना सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम 41कक लागू आहे. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्याची योजना घालून दिली. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत, 10 टक्के दुर्बल घटकातल्यांना सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाने सगळ्या रुग्णांच्या बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. तातडीचा रुग्ण आला तर अनामत न मागता दाखल करून घ्यायचं. हा काही उपकार नाही. ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या सवलतींची ती परतफेड आहे. या सवलती कुणाच्या खिशातून जातात हे वेगळं सांगायला नको. काडेपेटी घेणाराही कर भरतोच.

निर्धनाची मर्यादा 1 लाख 80 हजार. वॉचमन त्यात बसला. मी दाखला काढून दिला, सोबत रेशनकार्डाची प्रत लावली आणि सांगितलं की रिसेप्शनवर बोलूच नका, थेट समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारा. गेले. तिथे उत्तर मिळालं: धर्मादाय खाटा भरल्यात. दुसऱ्या दिवशी तेच. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, ते उत्तर काही एकाच रुग्णालयाचं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी भाच्याला सोबत नेलं. तो वकिलाकडे कारकून आहे. त्याने फक्त एवढंच विचारलं की कुठल्या खाटा, कुणाला, कधीपासून, ते लिहून द्या, आम्ही धर्मादाय सहआयुक्तांकडे विचारतो. तासाभराने खाट निघाली. ऑपरेशन चांगलं झालं. बाई आता पुन्हा भाकरी थापतात.

ज्याला भाचा नाही त्याचं काय, हा प्रश्न तुमच्याही मनात आलाच असेल.

आणि म्हणूनच 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डांना खुली झाली, पांढऱ्यालासुद्धा, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. 2012 मध्ये ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी, संरक्षण दीड लाखाचं आणि कार्ड पिवळं-केशरी. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि उत्पन्नाचा दाखला नाही. आमच्या धंद्याच्या दृष्टीने तोटाच. पण रात्री अकराला सुतकी चेहऱ्याने दार वाजवून "उद्या सकाळी दाखला मिळंल का वो ताई, पेशंट आत हाय" असं म्हणणारी माणसं कमी झाली.

योजनेत खोट नाही असं नव्हे. ठरलेल्या यादीतलंच ऑपरेशन, ठरलेल्याच दराने, अंगीकृत म्हणजे योजनेत घेतलेल्या रुग्णालयातच. दर परवडत नाहीत म्हणून काही रुग्णालयं योजनेचा रुग्ण टाळतात. बीपीच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, आणि आमच्या भागात माणसं ऑपरेशनपेक्षा त्या गोळ्यांनीच कर्जात जातात. गोळ्यांसाठी आयजीएम, म्हणजे इचलकरंजीतलं सरकारी रुग्णालय. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत, कारण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण तिथून कोल्हापूरला सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं की ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तो निर्णय त्या विभागाला लागू नव्हता. ज्या बाईचा हात दोन्हीकडे तोच आहे, तिला एका विभागात सलाइन फुकट आणि दुसऱ्या विभागात पावती फाडा. हे समजावून सांगताना माझीच जीभ अडखळते.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त सर या विषयावर माझ्याशी नेहमी भांडतात. म्हणतात, सगळ्यांना फुकट दिलंस तर बंगलेवालेही घेतील. मी म्हणते, येऊ देत की. आयजीएमच्या रांगेत एखादा कारखानदार उभा राहिला तर तिथला पंखा आठवड्यात दुरुस्त होईल. पालिकेच्या शाळेत खिचडी वाढताना कुणी दाखला मागत नाही, आणि ती योजना इतकी वर्षं चाललीच ना? शिवाय वर्षाला 12 लाख कमावणाऱ्या नोकरदाराला 2025 च्या अर्थसंकल्पापासून नव्या पद्धतीत आयकर भरावा लागत नाही. त्याच्याकडे कुणी तहसीलदाराची सही मागत नाही. 274 रुपये रोजवाल्याकडेच ती मागायची, हा कसला हिशेब?

सर जोतिराव फुल्यांना मानतात, म्हणून मी त्यांना 1882 ची आठवण करून देते. इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी हेच मांडलं होतं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. त्यांनी मागणी केली ती गरिबांसाठी वेगळ्या रांगेची नाही, तर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची. आणि आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ते करून दाखवलं. मोफत आणि सक्तीचं. पोर शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. त्या दंडाची गंमत बघा: तेव्हा संस्थान पालकाच्या मागे लागलं होतं की पोराला पाठव, आज पालक संस्थेच्या मागे लागतो की पोराला घे, आणि मधे मी बलून हलवत बसलेली.

सर म्हणाले, महाराजांच्या वेळी खासगी शाळांचं एवढं पेव नव्हतं. खरंय. माझी स्वतःची मुलगी खासगी सेमी-इंग्रजीला जाते, आणि पालिकेच्या शाळेसाठी भांडायला मला फार तोंड नाही असं ते सुचवतात. मी तिला खासगीत पाठवते ते पलीकडच्या पालिका शाळेत दोन इयत्ता एका बाईंकडे आहेत म्हणून. त्या बाई चांगल्या आहेत. पण त्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या की दोन्ही इयत्तांना सुट्टी. 1966 मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्चायला सांगितले होते आणि एका वस्तीतली सगळी पोरं एकाच शाळेत जावीत असंही. दोन्ही झालं नाही. पहिलं न झाल्यामुळे दुसरं झालं नाही, असं माझं मत.

मागच्या आठवड्यात एक वैनी आल्या. त्यांचा मुलगा आरटीईतून इंग्रजी शाळेत लागलेला. आता आठवी संपतेय. कायदा आठवीपर्यंतच आहे. शाळेने नववीच्या फीचा कागद हातात दिला, त्यात प्रवेश फी, टर्म फी, कॉम्प्युटर फी. एकूण रक्कम त्यांच्या नवऱ्याच्या अडीच महिन्यांच्या मजुरीएवढी. कुठला दाखला लागतो ते विचारायला आल्या होत्या. यासाठी कुठलाच दाखला नसतो. मी त्यांना दोन अनुदानित हायस्कूलं सांगितली, तिथे दहावीपर्यंत शिक्षणशुल्क नाही, आणि एकीला सेमी-इंग्रजीची तुकडीही आहे. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मागा, तो अडवता येत नाही, तेवढं मात्र बजावून सांगितलं. त्यांनी सोमवारी मुलाला घेऊन हायस्कूल बघायला जायचं ठरवलंय. पोरगा नाराज आहे, मित्र तुटतील म्हणून.